मोसम संपला, आता सुट्टीत काय करायचं? कॉलेजच्या बास्केटबॉल संघात नव्याने आलेल्यांसाठी

जुलैतल्या ट्रायलला आमच्याकडे पहिली पंधरा मिनिटं चेंडू हातात मिळत नाही. आधी धावायचं, मग बाजूच्या एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत गुडघे वाकवून सरकायचं, मग उडी मारून एका पायावर उतरायचं. मे महिना कोणी कसा घालवला ते तेवढ्यात कळतं. चेंडू नंतर येतो.

मी कॉलेजकडून खेळलो, आणि गेली काही वर्षं संध्याकाळी त्याच कोर्टवर मुलामुलींचा सराव घेतो. दर वर्षी एकच गोष्ट दिसते. मोसम चालू असताना कोणाचा खेळ फारसा बदलत नाही. काल मॅच, परवा मॅच, मधे सेमिस्टरची परीक्षा, त्यात नवीन काही शिकायला उसंत नसते. खेळाडू बदलतो तो फेब्रुवारी ते जुलै या महिन्यांत. आणि तोही रोज संध्याकाळी पाच-पाच खेळून नाही. स्वतःच्या खेळातल्या एक किंवा दोन कमतरता नेमक्या ओळखायच्या आणि वहीत आकडे टाकून त्यांच्यामागे लागायचं, एवढ्यानेच बदल होतो. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

आधी थांबा

आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा साधारण ऑगस्टपासून सुरू होतात, मग आंतरविभागीय, आणि विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा. हिवाळा संपेपर्यंत शरीर थकलेलं असतं. शेवटच्या मॅचनंतर दोन आठवडे चेंडूला हात लावला नाही तरी चालेल. पोहा, सायकल चालवा, टेकडी चढा, अभ्यासाचा राहिलेला बॅकलॉग भरून काढा. मोसमभर ओढत आणलेला घोटा किंवा अंगठा असेल तर याच दिवसांत फिजिओथेरपिस्टला दाखवा. एप्रिलमध्ये दाखवाल तर सुट्टीचा निम्मा वेळ त्यातच जाईल.

मग स्वतःचा मोसम तपासा

हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं, म्हणून याबद्दल जरा सविस्तर लिहितो. कोणीतरी मित्राने फोनवर काढलेले मॅचचे व्हिडिओ असतातच. दोन-तीन मॅचेस मिळवा, कागद घेऊन बसा आणि फक्त स्वतःला पाहा. चेंडू हातातून किती वेळा गेला, कशामुळे गेला? शॉट कुठून मारले, किती पडले? डावीकडून आत जायला मोकळी जागा असताना किती वेळा उजवीकडेच वळलात? समोरच्याने शॉट मारल्यावर तुम्ही बॉक्स आऊट केलं (त्याला पाठीशी अडवून रिबाउंडची जागा धरली) की मान वर करून चेंडू बघत उभे राहिलात? आपण चांगले खेळलो असं वाटलेल्या मॅचमध्येही हा कागद भरतो.

नंतर सरांकडे किंवा मॅडमकडे जा. ‘सर, माझा खेळ कसा वाटतो?’ असं विचारलं तर ‘चांगला आहे, मेहनत कर’ एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा, ‘शेवटच्या पाच मिनिटांत मला कोर्टवर ठेवायचं असेल, तर माझ्यात काय दिसायला हवं?’ या प्रश्नाला नेमकं उत्तर येतं. माझ्या ओळखीच्या एका मुलाला उत्तर मिळालं होतं, ‘तू डिफेन्समध्ये बोलत नाहीस, तुझ्या मागून स्क्रीन येतोय हे कोणालाच कळत नाही.’ (स्क्रीन म्हणजे वाट अडवायला मधे येऊन उभा राहिलेला प्रतिस्पर्धी.) वर्षभर तो जंप शॉट सुधारायच्या नादात होता.

आता त्या यादीतल्या दोनच गोष्टी निवडा. पाच नाही. लांबून शॉट मारण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेच्या स्टीफन करीचं उदाहरण इथे उपयोगी आहे. शाळेत असताना तो चेंडू खालून, कमरेच्या जवळून उचलून मारायचा. एका उन्हाळ्यात त्याच्या वडिलांनी, म्हणजे स्वतः एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक लीग खेळलेल्या डेल करीने, ती पद्धत पूर्ण मोडली आणि चेंडू कपाळाच्या वरून सोडायला लावला. काही आठवडे त्याला रिंगच्या जवळूनच मारावं लागलं, लांबून शॉट पडेनासा झाला. पुढे डेव्हिडसन या छोट्या कॉलेजला २००८ साली त्याने अमेरिकेतल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत नेलं, तेव्हा चेंडू सुटत होता तो त्या उन्हाळ्यात बसवलेल्या पद्धतीने. मोसमाच्या मधे असा बदल करायची हिंमत कोणी करणार नाही, कारण आधी खेळ बिघडतो. बिघडू द्यायला सुट्टीच लागते.

शॉट: एक मीटरवरून सुरुवात

नवीन खेळाडू कोर्टवर आला की थेट तीन गुणांच्या रेषेवर जातो. ती रेषा रिंगपासून ६.७५ मीटरवर आहे. तिथून चेंडू पोचवायला खांदा आणि कंबर हिसकावी लागते आणि तीच सवय हाताला लागते. म्हणून एप्रिलचा पहिला आठवडा रिंगपासून एका मीटरवर काढा.

पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे सैल. चेंडू तळहातावर टेकवायचा नाही, बोटांच्या पेरांवर ठेवायचा. तळहात आणि चेंडू यांच्यामध्ये एक बोट शिरेल इतकी जागा हवी. कोपर चेंडूच्या खाली. दुसरा हात पाठीमागे. एका हाताने चेंडू वर सोडायचा आणि मनगट पुढे वाकलेलं तसंच ठेवायचं, चेंडू जाळीतून खाली येईपर्यंत. रिंगला न लागता २५ शॉट पडेपर्यंत तिथून हलायचं नाही. पहिल्या दिवशी अर्धा तास जातो, आठवड्याअखेर दहा मिनिटांत होतं. मग एक पाऊल मागे, मग दुसरा हात आधारापुरता चेंडूला लावायचा. या हाताचा अंगठा चेंडूला ढकलत असेल तर चेंडू तिरका फिरत जातो. फोन बाजूला टेकवून व्हिडिओ काढलात की लगेच दिसेल.

चेंडू उंच का सोडायचा हे एकदा गणिताने समजून घ्या, म्हणजे कोणी सांगायची गरज राहणार नाही. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटीमीटर आणि मुलांच्या सात नंबरच्या चेंडूचा सुमारे २४. चेंडू ४५ अंशांत खाली उतरला तर त्याला समोर साधारण ३२ सेंटीमीटरचं तोंड मिळतं. ३० अंशांत सपाट आला तर ते तोंड उरतं २२.५ सेंटीमीटर, म्हणजे चेंडूपेक्षाही लहान. तो चेंडू रिंगला न लागता आत जाऊच शकत नाही. सपाट शॉट मारणाऱ्याचा नेम कितीही चांगला असो, त्याने स्वतःसाठी रिंग छोटी करून घेतलेली असते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पाच जागा ठरवा: दोन्ही कोपरे, दोन्ही बाजूंचे ४५ अंश, आणि समोर. अंतर सुरुवातीला चार मीटर. प्रत्येक जागेवरून दहा शॉट, आणि प्रत्येक जागेचा आकडा लगेच वहीत. ही वही खरंच हवी. आमच्या संघातल्या एका मुलीची शंभर पानी वही माझ्या डोळ्यांसमोर आहे, घामाने कडा फुगलेली, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. ‘डावा कोपरा १० पैकी ३’ असं तिच्यात सलग नऊ दिवस लिहिलेलं होतं. दहाव्या दिवशी तिने फोन लावून पाहिलं, तर त्या कोपऱ्यात तिचा डावा पाय रिंगकडे नाही, बाहेरच्या रेषेकडे वळलेला होता. पाय सरळ केला आणि दोन आठवड्यांत तो आकडा ६ झाला. वही नसती तर ‘आज शॉट पडत नाहीये’ म्हणून ती रोज घरी गेली असती.

उभ्याने पडायला लागले की हालचाल जोडा. मध्यरेषेपासून धावत या, मित्राकडून पास घ्या, थांबा, मारा. मॅचमध्ये चेंडू असाच मिळतो. नव्या मुलांनी एका दिवशी दीडशे ते दोनशे शॉट, आठवड्यातून चार दिवस, एवढंच करावं. खांदा दुखायला लागल्यावर मारलेले पुढचे शंभर शॉट चुकीची सवय पक्की करतात.

फ्री थ्रो (फाउल झाल्यावर रेषेवरून मिळणारे मोकळे शॉट) कधीही सलग पन्नास मारू नका. मॅचमध्ये एका वेळी बहुतेकदा दोनच मिळतात आणि तेव्हा छाती धडधडत असते. म्हणून कोर्टची एक फेरी जोरात मारा, रेषेवर या, दोन शॉट मारा, आकडा लिहा, परत धावा. असे दहा वेळा. दर वेळी तीच कृती करा: चेंडू तीनदा आपटा, श्वास सोडा, मारा. जूनअखेर दमलेल्या अवस्थेत २० पैकी १४ पडायला लागले, तर सर तुम्हाला शेवटच्या मिनिटाला बाहेर बसवणार नाहीत.

दुबळा हात

आपल्याकडच्या कॉलेज मॅचमध्ये प्रतिस्पर्धी पहिल्या दोन मिनिटांत ओळखतात की तुम्ही एकाच बाजूने जाता. मग ते ती बाजू बंद करतात आणि तुमचा खेळ तिथेच संपतो. हा दोष सुधारायला कोर्टही लागत नाही. गच्चीवर, पार्किंगमध्ये, सोसायटीच्या रस्त्यावर रोज पंधरा मिनिटं फक्त डाव्या हाताने (डावखुरे असाल तर उजव्या) ड्रिबल करा. चेंडूकडे बघायचं नाही, समोरच्या गाडीचा नंबर वाचायचा. चेंडू जमिनीवर जोरात आपटायचा, हळुवार नाही. हळू आपटलेला चेंडू हातात यायला उशीर लागतो आणि तेवढ्यात चोरला जातो.

कोर्ट मिळालं की रिंगखाली उभं राहून एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, चेंडू खाली न आणता बोर्डावर मारत राहायचा सराव करा. अमेरिकेचा खेळाडू जॉर्ज मायकन याच्या नावाने हा मायकन ड्रिल म्हणून ओळखला जातो. सलग ३० झाले की पाठ रिंगकडे करून तेच करा. डाव्या हाताचा ले-अप (धावत येऊन रिंगजवळून चेंडू बोर्डावर टाकणं) जमेपर्यंत या ड्रिलला सुट्टी नाही. जेवणं, दात घासणं, दार उघडणं हेसुद्धा डाव्या हाताने करून पाहा. थेट ड्रिबलिंग सुधारतं असा माझा दावा नाही, पण ‘तो हात माझा नाहीच’ ही भावना कमी होते हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

ताकद, उडी, आणि माझा गुडघा

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत माझ्या हाती एक झेरॉक्स आली होती, चाळीस दिवसांत उडी वाढवायची. रोज शेकडो उड्या. मी त्या सिमेंटच्या कोर्टवर, झिजलेल्या बुटांत, नेमाने मारल्या. तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं. जिना उतरताना कठड्याला धरावं लागे. मेहनतीत थोडं दुखणारच, असं म्हणत मी चालूच ठेवलं. ऑगस्टमध्ये विभागीय सामने आले तेव्हा मी गुडघ्याला पट्टी बांधून बाकावर होतो आणि माझ्या जागी पहिल्या वर्षाचा मुलगा खेळत होता. ते दिवस अजून टोचतात, म्हणून इथे जरा आग्रहाने सांगतोय.

उडीचा सराव आठवड्यातून दोनदाच, मधे किमान दोन दिवस सोडून. नवीन खेळाडूने एका वेळी जमिनीवर साठ ते ऐंशी वेळांपेक्षा जास्त उतरू नये, आणि तेही मातीवर, गवतावर किंवा मॅटवर. पहिले तीन आठवडे तर उंच उडायचंच नाही, फक्त उतरायला शिकायचं. पायरीवरून खाली उडी घ्या आणि आवाज न करता उतरा. गुडघे आणि कंबर वाकलेली, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत, एकमेकांकडे आत न झुकलेले. आरशासमोर करा किंवा मैत्रिणीला समोरून बघायला सांगा. मुलींनी हे विशेष मनावर घ्यावं. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून अधिक आहे. बहुतेक वेळा कोणाचा धक्काही लागलेला नसतो, उतरताना किंवा वळताना गुडघा आत गेलेला असतो. उतरण्याचा आणि तोल सांभाळण्याचा नियमित सराव केला की हा धोका घटतो.

उडीच्या आधी ताकद. तिची सोय आपल्याकडे पूर्वापार आहे. जोर घाला, बैठका काढा. फक्त तालमीतली बैठक टाचा उचलून, वेगात आणि शेकड्यांनी काढतात, आपल्याला टाचा टेकवून, सावकाश खाली जाऊन, जोरात वर यायचं आहे. पाठीवर पुस्तकांची सॅक घ्या, वजन वाढवायचं तर विटा घाला. १० बैठकांचे तीन सेट, एक पाय पुढे, एक मागे ठेवून काढलेल्या बैठकांचे तीन सेट, जोर, बारला लटकून पुल-अप, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली. शेवटी पोटासाठी प्लँक. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. कॉलेजच्या जिममध्ये बारबेल असेल आणि शिकवणारं माणूस असेल तर डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून सरळ उभं राहणं) शिकून घ्या, नसेल तर एकट्याने प्रयोग करू नका. ज्यांना रिंगखाली खेळायचंय त्यांनी धक्का घेऊन उभं राहायची सवय करावी: जोडीदाराने पाठीवर उशी धरून ढकलायचं, तुम्ही तोल न जाऊ देता चेंडू पकडायचा.

दर पंधरा दिवसांनी उडी मोजा. बोटांना खडू लावा, भिंतीला चिकटून उभ्याने जिथवर हात पोचतो तिथे खूण करा, मग उडी मारून वर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमची उडी. तारखेसह लिहा. सहा-आठ आठवड्यांत चार-पाच सेंटीमीटर वाढली तरी ती चांगली वाढ आहे.

घोट्याबद्दल एवढंच: दात घासताना एका पायावर उभे राहा, जमलं की डोळे मिटून. घोटा मुरगळला आणि त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, तर मालीश करून घेत बसू नका, एक्स-रे काढा.

ऊन आणि धावणं

मे महिन्यात विदर्भात पारा ४४-४५ वर जातो, कोकणात घाम वाळत नाही, पुण्यातही दुपारी कोर्टचं सिमेंट बुटांतून भाजतं. सराव सकाळी सहा ते आठ किंवा सूर्य कलल्यावर. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस वेळ आणि जोर हळूहळू वाढवा. गावाकडून किंवा एसीतून आल्या-आल्या पहिल्याच दिवशी दोन तास खेळू नका. चक्कर, मळमळ, अंगावर काटा आला की थांबून सावलीत या. कोणी असंबद्ध बोलायला लागला तर अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि थेट दवाखान्यात न्या.

महागड्या रंगीत पाण्याची गरज नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर हवं तर लिंबू. किंवा कोकम सरबत, ताक. सरावाआधी आणि नंतर वजन करून बघा, अर्धा किलो कमी झालं तर तेवढं पाणी पोटात जायचं राहिलंय.

धावण्याचं म्हणाल तर रोज पाच किलोमीटर जॉगिंग करणारे मला भेटतात आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये तेच धापा टाकतात. बास्केटबॉल म्हणजे पाच-सात सेकंद जीव तोडून धावणं, थांबणं, सरकणं, परत धावणं. कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद आहे, तेच वापरा. बाजूच्या एका रेषेपासून दुसरीपर्यंत एका मिनिटात १७ वेळा जायचं, मग दोन मिनिटं विश्रांती. एप्रिलमध्ये दोनदा जमलं तरी पुरे, जुलैपर्यंत चार-पाचदा जमावं. दुसऱ्या दिवशी धावणं नको, गुडघे वाकवून डिफेन्सची सरक करा, ३० सेकंदांचे आठ तुकडे. पाय एकमेकांना लागता कामा नयेत आणि डोकं वर-खाली होता कामा नये.

ताट आणि झोप

वजन वाढवायचं म्हणून पावडरचे डबे घेण्याआधी ताट बघा. व्यायाम करणाऱ्याला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण १.४ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या मुलाला ८५ ते १२० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ, ५० ग्रॅम सोयाबीन वडीत सुमारे २५. मेसमध्ये पातळ वरण वाढतात, तेव्हा खोलीत मोड आलेली मटकी, भाजलेले चणे, दूध, दही यांची सोय स्वतः करा. सकाळी उपाशी सरावाला येऊ नका, एक केळं आणि दोन खजूर खाऊन या. मुलींनी, आणि लवकर दम लागणाऱ्या कोणीही, वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. स्टॅमिना नाही म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन नऊ निघालेलं मी पाहिलंय, तिला आणखी फेऱ्या मारायला लावणं ही आमची चूक होती.

झोपेला कोणी सराव मानत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातल्या ११ खेळाडूंवर केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पाच ते सात आठवडे त्यांना रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं. त्यांचे फ्री थ्रो ९ टक्क्यांनी सुधारले, धावण्याची वेळही कमी झाली. खेळाडू थोडेच होते, पण सुट्टीत रात्री दोनपर्यंत फोन बघणाऱ्याने स्वतःवर हा प्रयोग करून बघायला काहीच हरकत नाही. खर्च शून्य आहे.

पाऊस सुरू झाल्यावर

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बहुतेकांचं कोर्ट ओलं होतं आणि सराव बंद पडतो. ओल्या सिमेंटवर खेळू नका, शेवाळ दिसत नसलं तरी असतं. इनडोअर कोर्ट नसणं ही आपली खरी अडचण आहे, पण नागपाड्याच्या उघड्या कोर्टवर वाढलेले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० साली अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले, हेही लक्षात असू द्या. पावसाच्या दिवसांत ताकदीचे दिवस तीनाचे चार करा, पार्किंगमध्ये ड्रिबल करा, पलंगावर पडून चेंडू छताकडे सरळ सोडत मनगट बसवा, आणि नियम वाचा. शॉट मारायला २४ सेकंद, आक्रमक रिबाउंडनंतर (आपला चुकलेला शॉट रिंगला लागून आपल्याच हाती आल्यावर) १४, मध्यरेषा ओलांडायला ८ सेकंद, हे पाठ असलेला पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून चाल ठरवणारा खेळाडू) संघाचे चेंडू वाचवतो. उघडीप मिळाली की वायपर आणि झाडू घेऊन कोर्ट कोरडं करणाऱ्यांत सगळ्यात पुढे राहा.

मॅचेस किती खेळायच्या?

मे महिन्यात आठवड्यातून दोनदा, जास्त नाही. सुट्टीतल्या खेळात माणूस जमतं तेच करतो, न जमणारं टाळतो. तीन-तीनचा खेळ जास्त उपयोगी: अर्धं कोर्ट, शॉटला १२ सेकंद, चेंडू सतत हातात येतो, लपायला जागा नाही. खेळायला उतरताना एक अट घालून घ्या, आज फक्त डावीकडूनच आत जायचं, किंवा आज प्रत्येक स्क्रीनला मोठ्याने ओरडायचं. हरलात तरी चालेल.

एकट्याने सुट्टीभर सराव टिकत नाही. तिघं-चौघं ठरवा, एक चेंडू टाकेल, एक मोजेल. मुलींना संध्याकाळी कोर्ट मिळत नाही ही तक्रार मी दर वर्षी ऐकतो आणि ती खरी आहे. जिमखाना विभागाकडे सगळ्यांनी मिळून लेखी अर्ज करा, ठरावीक वेळ मागा आणि त्या वेळेला रोज हजर राहा. स्वतःचा सहा नंबरचा चेंडू आणा. पुष्कळ ठिकाणी मुली मुलांच्या सात नंबरच्या गुळगुळीत चेंडूने सराव करतात आणि स्पर्धेत हातात लहान, हलका चेंडू आला की शॉट रिंगच्या पलीकडे जातात. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या मुलींनी हे मागायला संकोचू नये.

जुलै

ट्रायलच्या आधीच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणा. नवं काही शिकू नका. बूट नवे घेतले असतील तर दहा दिवस आधीपासून वापरा, ऐन ट्रायलला फोड नकोत. सिमेंटवर वापरलेले झिजलेले बूट लाकडी कोर्टवर घसरतात, शक्य असेल तर वेगळे ठेवा. पात्रता अर्ज वेळेत भरा: बारावीची गुणपत्रिका, प्रवेशाची पावती, ओळखपत्र, फोटो, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. कागद अपुरे म्हणून बाहेर राहिलेले चांगले खेळाडू मी पाहिलेत. आणि ती वही बॅगेत असू द्या. सरांनी ‘सुट्टीत काय केलंस?’ विचारलं, तर एप्रिलचं पान आणि जुलैचं पान उघडून समोर धरा.